इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला नाव शोधताना: तालुक्याच्या गावातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातले तालुक्याचे गाव. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाई त्याआधी आठ वर्षे दुसऱ्याच्या क्लासमध्ये दहावीचे इंग्रजी घेत होत्या. फोन, पावत्या, छपाई आणि पैशांचा हिशेब धाकटे दीर बघत. पहिल्या वर्षी 64 जण आले: 29 गृहिणी आणि दुकान सांभाळणाऱ्या बायका, नर्सिंग आणि डिप्लोमाची 21 मुलेमुली, पाचवी ते आठवीची 14 मुले.

दुसऱ्या वर्षी जागा बदलायची ठरली. मुख्य रस्त्यावर पहिला मजला, दोन खोल्या, आणि बाहेर 8 बाय 3 फुटांची पाटी लावायला भिंत. अशी पाटी एकदा चढली की पाच-सात वर्षे उतरत नाही, म्हणून नावाचा विषय तेव्हाच निघाला. या लेखात गाव आणि माणसे यांची ओळख काढून टाकली आहे. विचारात आलेली नावे मात्र ठेवली आहेत, कारण अक्षरे समोर नसतील तर नावाची चर्चा हवेतच राहते.

अडचण

जुने नाव छापखान्यात उभ्या उभ्या ठरलेले होते. त्यात 'ग्लोबल' आणि 'स्कूल' असे दोन शब्द होते आणि दोन्हींनी वर्षभर त्रास दिला.

'स्कूल'मुळे पालकांचे भलतेच फोन येत. बस कुठपर्यंत येते, बोर्ड कोणते, दाखला मिळतो का. शाळा चालवायची तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यता लागते. भाषेच्या वर्गाला ती लागत नाही, पण नावात 'स्कूल' लावून आपणच हा फरक पुसून टाकतो आणि मग प्रत्येकाला समजावत बसतो. 'ग्लोबल'चा त्रास निराळा. त्याच गावात आणखी तीन 'ग्लोबल' होते: एक बालवाडी, एक संगणक केंद्र, एक अकरावी-बारावीचा क्लास. एका पालकांनी त्यातल्या दुसऱ्याच 'ग्लोबल'ची फी या वर्गाच्या क्यूआर कोडवर भरली. ती परत करायला दोन दिवस गेले.

खरी अडचण याहून खोल होती आणि ती कागदावर दिसत नव्हती. दुपारच्या बॅचच्या बायका वर्गाचे नाव कधी घेतच नसत. 'मॅडमच्या क्लासला चालले' एवढेच म्हणत. कारण विचारल्यावर कळले की 'स्कूल' म्हणताना तोंडातून 'इस्कूल' निघते, हे त्यांना स्वतःला ऐकू येत होते आणि लाज वाटत होती. जो माणूस इंग्रजीला घाबरून शिकायला येतो, त्याला दारावरच्या नावानेच अडखळवले तर आत बोलते करणार कसे? पुढचा सगळा विचार या एका मुद्द्याभोवती झाला.

पहिला निर्णय: नाव कोणासाठी

दिरांचे म्हणणे साधे होते. "वहिनी, नाव भारी असलं की फी पण भारी सांगता येते." त्यांना मुलांच्या पालकांना भुरळ घालणारे नाव हवे होते. बाईंनी पहिल्या वर्षीचा प्रवेशाचा रजिस्टर पुढे ठेवला. 64 पैकी 50 जण स्वतः निर्णय घेऊन, स्वतःच्या पैशाने आलेली मोठी माणसे होती. "भावजी, पालक चौदाच आहेत. बाकीच्यांना हे नाव सासूला, नवऱ्याला, दुकानातल्या माणसाला सांगायचं असतं. त्यांच्या तोंडात बसलं पाहिजे."

हा निर्णय आधी झाला म्हणून पुढची चर्चा सुटली. बहुतेक ठिकाणी उलटे होते. आधी वीस नावांची यादी करतात आणि मग ज्याला जे आवडेल ते, यावर वाद घालत बसतात. 'आवडते का' या प्रश्नाला उत्तर नसते. 'दुपारच्या बॅचच्या बाईंना घेता येते का' याला असते.

समोरचे पर्याय

बाईंचे आडनाव आणि पुढे 'क्लासेस' हा सर्वांत सोपा मार्ग होता, कारण लोक तसेच म्हणत होते. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला 1999 च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्यातही संरक्षण आहे. पण आडनावाच्या वर्गात दुसऱ्या शिक्षिका शिकवू लागल्या की लोक म्हणतात, मॅडम स्वतः घेणार असतील तरच येतो. दोन खोल्या घेतल्या होत्या त्या दुसरी बॅच एकाच वेळी चालावी म्हणूनच. आणि तालुक्याच्या गावात आडनाव वाचले की जात वाचली जाते. सगळ्या घरांतल्या बायका यायला हव्या असतील तर पाटीवर ती खूण नको, असे बाईंचे ठाम मत होते. आम्हाला ते पटते.

दुसरा पर्याय विलायती थाटाचा होता. दिरांच्या मनात 'ऑक्सब्रिज' होते. हा शब्द ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या नावांची जोडणी आहे. त्या नावांनी शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा चालतात आणि त्यांचे मालक ती नावे जपतात. तक्रार आली नाही तरी, त्या विद्यापीठांशी काहीतरी संबंध असावा असे लोकांना वाटेल, यावरच ते नाव चालते. शिकवणी खरी आणि नाव उसने, हे बाईंना नको होते. 'आयईएलटीएस' हे इंग्रजीच्या एका परीक्षेचे नाव वर्गाच्या नावात घालण्याची सूचनाही याच कारणाने बाजूला पडली. परीक्षेची तयारी करून घेतो असे पत्रकात लिहिता येते, पण परीक्षेचे नाव आपले नाव म्हणून लावता येत नाही.

तिसरा पर्याय घडवलेला शब्द, 'फ्लुएन्टिया'. व्यापारचिन्हाच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम, कारण असा शब्द सहसा दुसऱ्या कोणाचा नसतो. शेवटी राहिले घरगुती मराठी शब्द: 'बोलका कट्टा', 'ओसरी', 'पायरी'. इंग्रजीच्या वर्गाला मराठी नाव कसे, हा प्रश्न दिरांनी दोनदा विचारला.

कानावरची परीक्षा

बारा जण निवडले: पाच चालू विद्यार्थी, सात बाहेरचे, त्यात स्टँडवरचा रिक्षावाला, औषधाच्या दुकानातला मुलगा आणि झेरॉक्सवाले काका. प्रत्येकाला फोन करून नाव एकदाच उच्चारायचे आणि सांगायचे, हेच आता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. देवनागरी की रोमन, ज्याची त्याची मर्जी.

'फ्लुएन्टिया' बारा जणांनी नऊ प्रकारे लिहिले. 'ऑक्सब्रिज' सात जणांनी बरोबर लिहिले, चौघांनी सरळ 'ऑक्सफर्ड' लिहून पाठवले आणि एकाने उत्तरच दिले नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: अनोळखी शब्द कान ओळखीच्या शब्दाकडे ओढून नेतो. अशा नावाची जाहिरात आपण करतो आणि लक्षात राहते दुसऱ्याचे नाव. 'बोलका कट्टा' बाराही जणांना जमले, 'ओसरी' अकरा जणांना, 'पायरी' बाराही जणांना. रोमनमध्ये मात्र 'पायरी' तीन तऱ्हांनी आले: मधे 'वाय' घालून, 'आय' घालून, आणि 'वाय'नंतर आणखी एक 'ए' घालून.

दुसरी परीक्षा विभक्तीची. ही मराठीत फार कमी जण करतात आणि आमच्या मते हीच निर्णायक असते. माणसे नाव नुसते घेत नाहीत, त्याला 'ला', 'त', 'चा' लावून घेतात. 'बोलका कट्टा' हे नाव वाक्यात गेले की 'बोलक्या कट्ट्यावर' होते. दोन्ही शब्दांची अक्षरे बदलली. पत्ता विचारणारा 'बोलक्या कट्ट्याला' शोधतो, मोबाइलवरही तसेच टाइप करतो, आणि पाटीवर असते वेगळेच. फळा, वाडा, मळा, कट्टा अशा सगळ्या आकारान्त पुल्लिंगी शब्दांचे हे असेच होते. 'वाट', 'झेप' यांचेही 'वाटेवर', 'झेपेत' होते. ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द मात्र एकवचनात तसाच राहतो: ओसरीत, ओसरीला, पायरीत, पायरीचे. नाव जसे पाटीवर तसेच तोंडात.

तिसरी परीक्षा म्हणी आणि वाक्प्रचारांची. मराठी शब्द घेतला की त्याच्या पाठीला भाषेतले जुने सामान येते. ते आधी उघडून पाहावे, नाहीतर गावातले कोणीतरी उघडून दाखवते. 'ओसरी' सगळ्यांना आवडले होते: घराच्या पुढची, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला मोकळी जागा, जिथे बोलायला संकोच वाटत नाही. पण झेरॉक्सवाल्या काकांनी नाव ऐकताक्षणी 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण पुरी केली. फोनवर तिघांनी तीच म्हटली. नाव सांगितले की समोरून म्हण येणार, आणि तीही कोणाच्या तरी जातीवर बोट ठेवणारी. आडनाव ज्या कारणाने टाळले त्याच कारणाने 'ओसरी'ही गेली. एका चांगल्या शब्दाला मुकावे लागले, याची हळहळ बाईंना बरेच दिवस होती.

'पायरी'चेही सामान होतेच. 'पायरी ओळखून वागावे', 'पायरी सोडून बोलला', 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये'. शिवाय आंबा. पण यातले काहीच नाव ऐकताक्षणी ओठांवर येत नव्हते. बाराजणांपैकी दोघांनी आंबा म्हटले आणि हसले. आंब्याची आठवण कोणाला वाईट वाटत नाही, असे धरून 'पायरी' ठरले. आंब्याने पुढे काय केले ते खाली येईल.

शेपटाचा शब्द

मुख्य नाव ठरले तरी पुढे काय लावायचे यावर एक आठवडा गेला आणि तो सार्थकी लागला. कोशातला अर्थ काहीही असो, गावात या शब्दांचे अर्थ ठरून गेलेले असतात. 'अकॅडमी' म्हटले की या भागात पोलीस आणि सैन्यभरतीची अकॅडमी: पहाटेची धाव, गोळाफेक, मेस. 'क्लासेस' म्हणजे दहावी-बारावी. 'इन्स्टिट्यूट' म्हणजे टायपिंग किंवा संगणक. 'वर्ग' म्हटले की संस्कारवर्ग. शिवाय 'अकॅडमी' हा शब्द लोक अकादमी, अकॅडमी, ॲकॅडमी असा तीन तऱ्हांनी लिहितात.

शेवटी शेपूट नकोच असे ठरले. पाटीवर मोठे 'पायरी इंग्लिश' आणि खाली बारीक ओळ: 'बोलण्याचे वर्ग'. 'स्पोकन इंग्लिश' हे शब्द नावात घेतले नाहीत, कारण ते कोणाचेच होऊ शकत नाहीत. नुसते सेवेचे वर्णन करणाऱ्या शब्दांना व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 9 आडवे येते. 'पायरी' हा शब्द शिकवणीचे थेट वर्णन करत नाही, नुसता सुचवतो, म्हणून त्याला संधी होती.

केलेली कामे

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात सेवांचा वर्ग 41, म्हणजे शिक्षण आणि प्रशिक्षण, निवडून नाव पाहिले. तिथे फक्त हुबेहूब शब्द शोधून भागत नाही. उच्चाराने सारखी नावे दाखवणारा शोध वेगळा असतो, तोही करावा, आणि रोमनची तिन्ही स्पेलिंगे घालून करावा. अर्ज बाईंच्या वैयक्तिक नावाने ऑनलाइन केला, त्यामुळे शुल्क अशा एका वर्गाला 4,500 रुपये पडले. कंपनीच्या नावाने, सवलत नसताना, तेच 9,000 पडते. अर्ज झाल्यावर नावापुढे 'टीएम' लावता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावायला कायद्याने बंदी आहे.

पाटीसाठी दुकाने व आस्थापना कायदा पाहिला. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. मराठी आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. ज्यांचे नाव रोमन अक्षरांत छान दिसते म्हणून निवडलेले असते त्यांची इथे पंचाईत होते. 'पायरी' मुळातच देवनागरीत जन्मलेले, त्यामुळे रोमन नाव खाली छोटे गेले आणि काही अडले नाही.

पाटीवाल्याचा नमुना रात्री दहाला व्हॉट्सॲपवर आला आणि दिरांनी 'ओके' पाठवले. सकाळी बाई कारखान्यात गेल्या तर ॲक्रिलिकची अक्षरे कापून तयार: 'इंग्लीश', दुसरी वेलांटी. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या पाटीवर 'इंग्लिश'च चुकलेले. देवनागरी शब्द शिरोरेषेने सांधलेला असतो, म्हणून एक वेलांटी बदलायला अख्खा शब्द पुन्हा कापावा लागला. 2,200 रुपये गेले. नमुना मोबाइलवर कधीही मंजूर करू नये. कागदावर छापून घ्यावा, आणि ज्याने नाव ठरवले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून एकेक अक्षर मोठ्याने वाचून घ्यावे. 'ग्लि'सारखी जोडाक्षरे लहान आकारात भरून काळी दिसतात, त्यामुळे अक्षराची उंची ठरवताना रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहावे.

बँकेचे चालू खाते नव्या नावाने हवे होते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जी विनाशुल्क होते, आणि आस्थापनेची सूचना ऑनलाइन दिल्याची पावती असे दोन कागद लागले. खाते उघडायला अकरा दिवस गेले. तोवर क्यूआर कोड लावला की दिरांचे नाव दिसे आणि नवी माणसे पैसे भरताना थबकत.

एकूण खर्च: पाटी 14,400, दुसऱ्यांदा कापणी 2,200, व्यापारचिन्ह शुल्क 4,500, वकील 3,500, संकेतस्थळाची दोन नावे 1,700, पावतीपुस्तके, फॉर्म आणि शिक्के 2,900. मिळून 29,200 रुपये.

काय झाले

नव्या जागेत पहिल्या वर्षी 91 प्रवेश झाले. याचे श्रेय नावाला देता येत नाही. मुख्य रस्त्यावर आल्यावर कोणत्याही नावाने माणसे वाढलीच असती. नावामुळे बदललेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. बस आणि बोर्ड विचारणारे फोन बंद झाले. दुपारच्या बॅचच्या बायका 'पायरीत चालले' म्हणू लागल्या. दुसऱ्या शिक्षिकेच्या बॅचला 'मॅडम कुठे आहेत' असे विचारणारे पहिल्या महिन्यात बरेच होते, दिवाळीनंतर जवळजवळ कोणी नव्हते.

आंब्याने मात्र गाठले. मार्च ते मे हा आंब्याचा मोसम आणि हाच प्रवेशांचा. मोबाइलवर नुसते 'पायरी' शोधले की पेट्यांचे भाव आणि बागा. उपाय म्हणून फोनवर, पावतीवर, पत्रकावर सगळीकडे 'पायरी इंग्लिश' असे जोडनावच वापरायचे ठरले. गुगलच्या नकाशावरील नोंदीत नावापुढे 'बेस्ट इंग्लिश क्लास' आणि गावाचे नाव जोडण्याचा सल्ला कोणीतरी दिला होता, तो मानला नाही. तिथे पाटीवरचेच नाव द्यायचे असते. जास्तीचे शब्द घातले तर नोंद स्थगित होऊ शकते.

दुसरा धक्का आतूनच बसला. नाव 'पायरी', म्हणून चार पातळ्यांना पहिली पायरी, दुसरी पायरी अशी नावे दिली होती. कागदावर सुरेख दिसत होते. पण पंचेचाळिशीतले किराणा दुकानदार पहिल्या पायरीवर आणि त्यांच्याच दुकानातला पोरगा तिसऱ्या पायरीवर, असे झाले. ते दोन आठवड्यांनी यायचे थांबले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे. नावात जी चढण उत्साह देत होती, तीच वर्गात उतरंड झाली. बाईंनी पातळ्यांची नावे बदलून कामांवर ठेवली: 'दुकान', 'फोन', 'मुलाखत', 'सभा'. दुकानदार परत आले ते 'दुकान' बॅचला.

व्यापारचिन्हाच्या अर्जावर परीक्षण अहवाल आला. त्यात कलम 11 खाली, उच्चाराने जवळचे एक आधीचे नाव दाखवून हरकत होती. उत्तराला 30 दिवस असतात. सेवांचे वर्णन 'इंग्रजी संभाषणाचे प्रशिक्षण' एवढेच आखडून आणि वापराचे पुरावे, म्हणजे पावत्या, पाटीचा फोटो, पत्रक, जोडून उत्तर दिले. हरकत दूर झाली तर नाव व्यापारचिन्हांच्या सरकारी जर्नलमध्ये छापले जाते आणि विरोधासाठी चार महिने खुले राहते. हे लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

शोध आधी आणि पाटी नंतर, हा क्रम इथे पाळला गेला नाही. पाटीची आगाऊ रक्कम दिल्यावर दोन दिवसांनी वकिलांकडे गेले. हरकतीत नाव गेले तर 16,600 रुपयांचे ॲक्रिलिक उतरवावे लागेल. शोध घरी बसून तासाभरात होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

उच्चाराच्या शोधात ते जवळचे नाव दिसले होते. ते दुसऱ्या राज्यातले आहे म्हणून सोडून दिले. नोंदणी देशभर लागू असते, राज्याची हद्द तिथे मोजत नाहीत. त्याच वेळी 'पायरी'सोबत दुसरे एक नाव तयार ठेवायला हवे होते.

गुगलची जुनी नोंद दुरुस्त करण्याऐवजी नवी उघडली. जुन्या नोंदीवरचे 43 अभिप्राय तिथेच राहिले आणि गावात काही महिने दोन वर्ग दिसत होते. जुन्याच नोंदीत नाव आणि पत्ता बदलला असता तर अभिप्राय सोबत आले असते.

नाव बदलण्याचा काळही चुकला. मे महिन्यात, ऐन प्रवेशांत बदलले, त्यामुळे जुनी पत्रके आणि नवी पाटी एकाच वेळी गावात फिरत होती. दिवाळीनंतर बदलले असते, पावत्यांवर सहा महिने 'पूर्वीचे नाव' अशी ओळ छापली असती, आणि मार्चपर्यंत गाव सरावले असते.

आणि बाराजणांच्या परीक्षेत एक प्रश्न कमी पडला. नाव घेता येते का, लिहिता येते का, म्हण आठवते का, हे विचारले. 'या नावाच्या वर्गात तुम्ही स्वतः कुठे बसाल' हे विचारले नाही. ते विचारले असते तर किराणा दुकानदारांनी फोनवरच उत्तर दिले असते. मुलांची बॅच अजून 'पायरी'च्याच पाटीखाली चालते. तिला वेगळे नाव द्यावे का, यावर वहिनी आणि भावजींचे एकमत व्हायचे आहे.